तिच्या नावाने गेलेला निरोप

ही गेल्यापासून मला घरात बसवत नाही. खुर्चीवर बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठे जायचं ते सुचत नाही. मी लिफ्ट दुरुस्त करतो. कामावर असलो की बरं असतं. लिफ्ट मधेच अडकलेली असते, आत कोणीतरी दार बडवत असतं, बाहेर सगळे माझी वाट बघत असतात. घरी वाट बघणारं कोणी उरलं नाही. मुलगी लांब असते. ती रोज फोन करून जेवलात का विचारते, मी जेवलो म्हणतो.

हिच्या मागे घरात एकच गोष्ट चालू राहिली होती, ती म्हणजे पेटी.

पेटी म्हणजे एक जुना कॉम्प्युटर. कपड्यांच्या कपाटावर ठेवलेला, कधीच बंद न होणारा. ही लोकांच्या घरी जाऊन आजारी, म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायची. आंघोळ घालायची, भरवायची, औषधं द्यायची, कूस बदलायची. एक एजन्सी असं काम करणाऱ्या बायकांना घरं वाटून देते. एजन्सीनेच सगळ्यांना फोन दिले होते आणि त्यात सगळं जग वापरतं ते मेसेजचं ॲप घालून दिलं होतं. बायकांनी त्यात आपला वेगळा गट केला. ड्यूटी वाटणाऱ्या बाईंना सगळ्या साहेबीण म्हणतात, त्यांना गटात घेतलं नाही. म्हणजे घेतलं नाही असं यांना वाटलं. फोन देतानाच एजन्सीने प्रत्येकीचं खातं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरही उघडून ठेवलं होतं. बायका इकडे लिहायच्या आणि साहेबीण तिकडे चहा पीत वाचायच्या.

त्यांच्यात एकीला सगळ्या घड्याळ म्हणतात, कारण ती कधी उशिरा पोचत नाही. घड्याळने एका घराबद्दल, तिथल्या एका पुरुषाबद्दल गटात काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते इथे सांगणार नाही, ते माझं नाही. दुसऱ्याच दिवशी साहेबिणींनी तिला बोलावून घेतलं आणि पुढे बरेच दिवस तिला कामच दिलं नाही.

तेव्हा ही पेटीच्या मागे लागली. वाचनालयातले कॉम्प्युटर सांभाळणारा एक माणूस आहे, त्याच्याकडून शिकली. मला तिने एकदा समजावलं होतं ते असं. या जाळ्याला मालक नाही. आपली पेटी, वाचनालयाची पेटी, कपडे शिवणाऱ्या बायकांची पेटी, अशा पुष्कळ पेट्या एकमेकींशी बोलतात. एक आवडली नाही तर दुसरीवर खातं उघडायचं, बोलणारी माणसं तीच राहतात. निरोप पेटीत येतो तो कुलूप लावून आणि जातो तोही कुलूप लावून. चाव्या फक्त लिहिणारीच्या आणि वाचणारीच्या फोनमध्ये. मी म्हणालो, म्हणजे तू पोस्टमन. ती म्हणाली, पोस्टमनला निदान पत्ता तरी वाचावा लागतो, मला तर तुमच्यासारख्या माणसाबरोबर संसार करून न वाचता सगळं ओळखायची सवय झाली आहे.

पण पेटी लावणं सोपं, बायका आणणं अवघड. आमच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी तिला किती बोल लावले ते मी ऐकलेलं आहे.

"ताई, तुमचं हे ॲप म्हणजे नवं सासर आहे. काय कुठे ठेवलंय सापडत नाही."

"यात ते हसरे चेहरे कमी आहेत हो."

"तुझा चेहरा आहे ना हसरा? तो वापर."

"माझी बहीण, भाचे, शाळेतल्या बाई, सगळे तिकडे. मी एकटी इकडे येऊन काय भिंतीशी बोलू?"

यावर हिचं एकच उत्तर होतं. सगळ्यांना आणू नकोस. जुनं ॲप काढूही नकोस. फक्त एकीला आण, जिच्याशी तू सगळ्यात जास्त बोलतेस तिला. आणि ही दुसरीच्या फोनला हात लावत नसे. समोरची चाचपडायची, चुकायची, वैतागायची, ही हात मांडीवर ठेवून बसून राहायची. मी लावून दिलं तर ते माझं होईल, म्हणायची. अशा जोड्याजोड्यांनी बायका आल्या. एजन्सीच्या फोनवर नाही, स्वतःच्या, मुलांनी टाकून दिलेल्या फुटक्या काचेच्या फोनवर आल्या. शेवटी जवळजवळ सगळ्याच आल्या. आमच्या टेबलावर हिचा फोन सकाळपासून थरथरत असायचा.

मग ही आजारी पडली आणि फार वेळ न लावता गेली. लोकांच्या कुशी बदलणारी बाई, तिची कूस मी बदलली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

ती गेल्यानंतर काही दिवसांनी वीज गेली आणि आली, तरी पेटी सुरू होईना. मी वाचनालयातल्या माणसाला फोन लावला. तो सांगत गेला, मी करत गेलो. मशीन म्हणजे मशीन, घाबरायचं काय. पेटी सुरू झाली. मला फार बरं वाटलं, कारण हिचं काहीतरी माझ्या हाताने पुन्हा चालू झालं होतं. त्या भरात मी हिचा फोन उघडला, तो उघडायचा आकडा मला ठाऊक होता, आणि सगळ्यांच्या गटात लिहिलं, "पेटी बंद पडली होती. आता चालू आहे. काळजी नसावी."

खाली माझं नाव लिहायचं सुचलं नाही. निरोप सगळ्यांकडे गेला तो हिच्या नावाने, हिच्या फोटोसकट. एक बाई तेव्हा कोणाच्या तरी आजीचं डोकं धूत होती. फोन खिडकीत ठेवलेला. तिने नाव बघितलं आणि तांब्या आजीच्या पायावर सोडला. आजी जे बोलली ते नंतर पुष्कळ दिवस बायका एकमेकींना सांगत होत्या म्हणे. मला मात्र कोणी काही बोललं नाही.

त्यानंतर टेबलावरचा फोन थरथरायचा थांबला.

आधी वाटलं बायका दुःखात आहेत. मग वाटलं माझंच काही चुकलं, पेटी नीट लागली नाही. पेटी तपासली, ठीक होती. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करताना मधेच वर येऊन मी खिशातला हिचा फोन बघायचो. हो, मी तो खिशात घेऊन फिरायला लागलो होतो. काही नाही. लिफ्टच्या दाराचा सेन्सर पुसताना ध्यानात येत गेलं की या शांततेची मला भीती वाटते आहे. ही गेली ते कळत होतं. पण तिने उभं केलेलंही जाणार असेल तर मग मी त्या घरात नक्की कशाची राखण करत होतो?

तेवढ्यात कळलं की साहेबीण नवे फोन वाटत आहेत. इंटरनेट फुकट, जुनंच ॲप. मी हातातलं काम टाकून एजन्सीच्या ऑफिसात गेलो. ते टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. जिन्याशी बायका नव्या फोनचे खोके घेऊन उभ्या होत्या. मी तिथेच सुरू झालो. फुकट काही नसतं, ते तुमचं सगळं बघतात, घड्याळचं काय झालं विसरलात का, आपली पेटी आहे, तिला मालक नाही. आवाज चढला असणार, कारण टायरवाला बाहेर येऊन उभा राहिला.

बायका खाली बघत होत्या. एक म्हणाली, "भाऊजी, तुम्ही दमलेले दिसता. घरी जा."

दुसरी हळूच म्हणाली, "लिफ्टवाले आता आवाजही वर चढवायला लागले."

दोघीतिघी हसल्या. घड्याळही तिथे होती. ती हसली नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं. मग ती जिना उतरून निघून गेली आणि तिच्यामागून बाकीच्याही.

मी त्या दिवशी पायीच घरी आलो. बस समोरून गेली तरी चढलो नाही.

दोन दिवसांनी दुपारी दारावर थाप पडली. मावशी आल्या होत्या, त्या बायकांत वयाने सगळ्यात मोठ्या, आणि मागे घड्याळ. मावशींनी चप्पल काढली, घड्याळने काढली नाही. तिला थांबायचं नव्हतं.

"पेटी दाखवा," मावशी म्हणाल्या.

मी खुश झालो. स्टूल आणलं, टीव्हीचा पडदा पेटीला जोडला, वाचनालयातल्या माणसाने शिकवलं होतं तसं एक निरोप उघडून दाखवला. नुसती अक्षरं आणि आकडे, ओळीमागून ओळी, अर्थ काही नाही. म्हटलं, हे बघा, मला एवढंच दिसतं. कुलूप लावलेलं.

मावशींनी चष्मा लावून बघितलं. "हे आम्हाला दाखवायला ठेवलं आहे."

"अहो मावशी, हेच आहे!"

"असेल. मी काय त्यातली आहे? मला तुम्ही दूधवाल्याचं बिल दाखवून हेच आहे म्हणालात तरी मी मान डोलवीन. ताई म्हणाली वाचत नाही, तर ती वाचत नव्हती. आमचा विश्वास तिच्यावर होता, कपाटावरच्या डब्यावर नव्हता."

"मग वाचनालयाच्या पेटीवर जा. त्यासाठीच तर..."

"जाऊ की. तिथे गेलो तरी गटात ताई आहेच ना." मावशींनी माझ्या खिशाकडे बोट केलं. "आणि ताई तुमच्या खिशात आहे."

मी पटकन खिशावर हात ठेवला. चोर ठेवतो तसा.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेटीला कुलूप होतं, पण हिचा फोन म्हणजे चावी. हिला येणारा प्रत्येक निरोप त्या फोनवर उघडा होता आणि तो फोन एका पुरुषाच्या खिशात होता. बायका एकमेकींना सावध करत होत्या त्या कोणापासून? पुरुषांपासूनच की. मी जिन्यात उभा राहून ते तुमचं सगळं बघतात म्हणून ओरडत होतो तेव्हा त्या मनात काय म्हणत असतील?

"मी वाचत नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

"ऐकता का?" घड्याळने विचारलं. इतका वेळ ती दारातच उभी होती.

मला खोटं बोलता आलं असतं. पण तिचा प्रश्न इतका सरळ होता की जमलं नाही. ही लिहायचा कंटाळा करायची. तिचे सगळे निरोप बोलून पाठवलेले असत. रोज सकाळी दाढी करताना मी फोन आरशापाशी ठेवून एक-दोन लावायचो. ती मला काही सांगत नसायची, या बायकांना सांगत असायची. पण आवाज तिचा होता. दाढी होईपर्यंत घरात कोणीतरी बोलत असायचं.

"फक्त तिचं बोलणं ऐकतो," मी म्हणालो. "तुमचं कधी नाही."

"ताई माझ्याशी जे बोलली, ते माझंच होतं," घड्याळ म्हणाली. "म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, तिला उत्तर मिळालं, आणि ती मावशींची वाट न बघता गेली.

मावशींनी चप्पल घालताना सांगितलं, "बायका वाईट नाहीत हो. पण महिनाअखेरपर्यंत सगळ्यांना नवे फोन मिळतील, त्यात इंटरनेट फुकट, आणि एकदा सगळ्या तिकडे गेल्या की इकडे कोण येतं? तुम्ही ताईचं खातं काढून टाका. बास. मग मी एकेकीला धरून आणते."

"खातं काढलं की तिचे निरोप जातील. चाव्या फोनमध्येच आहेत. पुन्हा उघडणार नाहीत."

"हो का," मावशी म्हणाल्या. मग बराच वेळ त्यांना दुसरी चप्पल सापडेना. ती समोरच होती.

मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, त्यात काय एवढं. आईचे आवाज वेगळे कॉपी करून ठेवा, मग खातं काढा. मी सांगते कसं करायचं ते, सोपं आहे."

"त्यात त्या बायकांच्या गोष्टी आहेत."

"मग ज्यात नाहीत तेवढे ठेवा. बाबा, मलाही हवा आहे तिचा आवाज."

हे बरोबर होतं. मी बसलो निवडायला. रविवारी सकाळी सुरू केलं. एक लावला, त्यात कोणाच्या तरी नवऱ्याचं पिणं. बंद केला. एकात ही खूप हसली होती. म्हटलं, हा ठेवू. पण ती हसत होती कारण एका आजोबांनी कपडे न घालता सोसायटीच्या मीटिंगला जायचा हट्ट धरला होता, आणि आजोबा कुठल्या इमारतीतले ते तिने सांगितलं होतं. त्या इमारतीची लिफ्ट मीच बघतो. बंद केला. एक अगदी छोटा होता, "हो गं, मी येते, तू दार लावून आत बस, मी येते." एवढाच. त्यात कोणाचं नाव नव्हतं, गाव नव्हतं. मी तो पुन्हा पुन्हा लावला. मग लक्षात आलं की ती धापा टाकत बोलते आहे, जिना उतरता उतरता, आणि दार लावून आत बसलेली कोणीतरी बाई आहे. उठलो. खोलीत फेऱ्या मारल्या. पाणी प्यायलो, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. त्या सगळ्यांत एकही निरोप असा सापडला नाही, ज्यात ही नुसती हीच होती. ती कायम कोणाच्या तरी कामात असायची.

मुलीला कळवलं की एकही निघत नाही. ती फोनवर रडली, मग चिडली. "कोणाला कळणार आहे, बाबा? तुम्ही, मी. घरातल्या घरात." मी म्हणालो, ऑफिसातल्या त्या कॉम्प्युटरबद्दल साहेबीणही हेच म्हणत असतील. तिने फोन ठेवला. असं बोलायला नको होतं मी, ती आपल्या आईचा आवाज मागत होती.

सोमवारी कामावरून मावशींना निरोप धाडला की या, आणि चारजणी घेऊन या. मी एकट्याने खातं काढलं तर त्यांनी का विश्वास ठेवावा? संध्याकाळी त्या आल्या. घड्याळ नव्हती. मी फोन टेबलावर मधोमध ठेवला आणि म्हणालो, "मावशी, तुम्ही दाबा."

"मी नाही. तुमचा हात."

"माझा हात नीट चालत नाही आज."

"चालेल. लिफ्टा कशा उचलता?"

मी दाबलं. फोनने विचारलं, चाव्या जपून ठेवल्या नाहीत तर जुने निरोप पुन्हा कधीच उघडता येणार नाहीत, नक्की का? मी हो दाबलं. त्याने पुन्हा तेच विचारलं. मशीनला काय, एकदा सांगून भागत नाही. मी पुन्हा हो दाबलं. मग पडद्यावर नुसतं स्वागत आहे असं आलं, नवीन माणसाला येतं तसं. मावशींसोबत आलेल्यांपैकी एकीने आपला फोन काढून बघितला आणि बाकीच्यांना दाखवला. गटात ओळ आली होती की ताई गटातून बाहेर पडल्या. एकीने उठून चहा टाकला. माझ्या घरात, न विचारता, डबे बरोबर शोधून.

पुढचं मावशींनी केलं. त्या एकेकीला धरून बसल्या. काही बायका आमच्या पेटीवर राहिल्या, काही वाचनालयाच्या पेटीवर गेल्या. एक-दोघी साहेबिणींच्या फोनवर गेल्या त्या गेल्याच. मला कोण काय बोलतं ते कळत नाही. कधी वीज गेली की तेवढा फोन येतो, भाऊजी, पेटी बघा. मी शिडी लावतो. मुलगी पुन्हा रोज फोन करते, पण आईचं नाव काढत नाही. सकाळी दाढी करताना मी आता नळ सोडून ठेवतो.

परवा एका इमारतीत लिफ्ट अडली होती. मी चौथ्या मजल्यावर दार उघडून आत वाकलो होतो. मागून कोणीतरी म्हणालं, "अजून किती वेळ?"

घड्याळ होती. त्याच मजल्यावर तिची ड्यूटी. तिच्या आजींना खाली फिरवायला न्यायचं होतं, चाकाची खुर्ची दारात तयार होती.

"होईल एवढ्यात," मी म्हणालो.

ती गेली नाही. जिन्याच्या पायरीवर बसली. थोड्या वेळाने तिने फोन काढला, तो फुटक्या काचेचाच, आणि काही न सांगता एक निरोप लावला.

हिचा आवाज जिन्यात घुमला. "अगं, उशीर झाला उत्तर द्यायला. आमचे हे आज लवकर आलेत आणि सोफ्यावर असे घोरतायत की वरच्या मजल्यावरच्यांना वाटेल लिफ्ट सुरू झाली. थांब, आतल्या खोलीत जाते. हं, बोल. मी तुझं सगळं ऐकलं, आणि हे बघ..."

घड्याळने अंगठा ठेवून थांबवलं.

"एवढंच," ती म्हणाली. "पुढचं माझं आहे."

पुढे काय आहे ते मला शब्दन् शब्द पाठ होतं. तिलाही ते माहीत होतं. खातं काढून फोनमधलं जातं, माझ्या डोक्यातलं कोणतं बटण दाबून जाणार? मी पाना हातात धरून तिच्यासमोर उभा होतो आणि ती मी काही बोलतो का ते बघत होती.

"हो," मी म्हणालो. "तुमचं आहे."

तिने फोन खिशात ठेवला. आतून आजींनी हाक मारली, अगं चाललोय ना आपण? ती उठली आणि खुर्ची आणायला गेली. मी दाराच्या रुळाला ग्रीस लावून लिफ्ट एकदा रिकामीच खाली-वर करून बघितली, मग दार धरून उभा राहिलो.